दोन बॅटऱ्यांचे माणिकअण्णा

माणिकअण्णा माणसाशी बोलताना गाडीच्या पोटात बघायचे. बॉनेट वर, अंग कंबरेपर्यंत आत, आणि आतून आवाज. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, ते जीपशीच बोलतायत.

"कुठनं आलाव?"

मी मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं.

"अरं, तुला विचारायलोय. गाडी कुठनं आली ते मला दिसायलंय. चाकाला मांजरेकाठची काळी माती हाय, हितली तांबडी न्हाई. तू कुठनं आलास?"

"भोरकडचा आहे," मी म्हणालो. "पुण्याच्या खाली, डोंगरात."

"मंजी पुणेकर."

झालं. त्या दिवसापासून बिदरमध्ये माझं नाव पुणेकर पडलं. खरं तर पुणं मी एसटीच्या खिडकीतून तेवढं पाहिलेलं. सहावीत शाळा सुटली, लाकडाच्या एका ठेकेदाराच्या ट्रकवर हात बसला, आणि कुणाच्या तरी ओळखीनं इतक्या लांब येऊन एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात जीपचा ड्रायव्हर म्हणून चिकटलो. साल ऐंशीच्या आगेमागे. बिदरचे लोक माझ्या 'आहे'ला हसायचे. ज्याच्या तोंडी 'आहे' तो पुणेकर, एवढा त्यांचा सरळ न्याय.

आमच्या दवाखान्याचं काम रस्ता संपतो तिथून सुरू व्हायचं. औराद तालुक्यातल्या वाड्या, ओढ्यापलीकडचे तांडे, पावसाळ्यात बैलगाडीही रुतेल अशी काळी रानं. डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या, बोलायला मोजक्या. त्यांच्याबरोबर भालकीची नर्स शांताक्का, ती सगळ्यांच्या वाटचं बोलायची. एखाद्या अंधाऱ्या खोलीत म्हाताऱ्यांना रांगेनं बसवायचं, जीपच्या बॅटरीला वायर लावून दिवा पेटवायचा आणि बाईंनी एकेकाचा डोळा बघायचा. ज्याचा मोतीबिंदू पिकला असेल त्याला बिदरला आणून ऑपरेशन करायचं.

एकदा रांग संपता संपेना. दिवा दुपारभर जळला आणि निघायच्या वेळी मी चावी फिरवली तर नुसतं 'टक'. हँडल मारून मारून माझे तळवे सोलले. ढकलावं तर चाकं चिखलात. शेवटी गावकऱ्यांनी बैलांच्या दोन जोड्या पुढे जुंपल्या, आणि आमची फोर-व्हील जीप बैलांमागून डुलत डुलत निघाली. पोरं मागे धावत ओरडत होती, "डोळ्याची गाडी आंधळी झाली!" शांताक्का पदराआड हसत होती. मला हसू येत नव्हतं. गाडी बंद पडली म्हणजे ड्रायव्हर बिनकामाचा, आणि बिनकामाचा म्हणजे परत घरी. घरी परत जाऊन तोंड काय दाखवायचं, ही भीती मला तेव्हा कायम असायची. थांबलेल्या गाडीच्या बॉनेटवरही मी हात ठेवून उभा राहायचो, जशी ती पळून जाणार होती.

तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीतरी कायमचं करून घ्या. आणि जुन्या वेशीपाशी चहा विकणाऱ्या खाजामियाँनं बोट दाखवलं ते समोरच्याच पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या माणिकअण्णांकडे.

सगळं ऐकून घेऊन माणिकअण्णा बॉनेटमधूनच म्हणाले, "एका चुलीवर दोन घरं जेवायला बसवलाव तुमी. मग कोन तरी उपाशी राहणारच की."

त्यांनी दुसरी बॅटरी बसवायची ठरवलं. डाव्या सीटखाली लाकडी पेटी केली, ॲसिडनं लाकूड खाऊ नये म्हणून आतून डांबर फासलं. वेल्डिंगवाल्याकडून जाड वायर आणली. ती सरळ ओढून बांधायला मी मदत करायला लागलो तर हातावर चापट मारली. "वायरला झोका ठेव. आपल्या रस्त्यांवर वायर तुटत न्हाई, घासून घासून मरती." जिथं जिथं वायर पत्र्याला टेकत होती तिथं सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. आणि कुठल्याशा पाडलेल्या घरातला चिनीमातीचा जाडजूड खटका आणून माझ्या गुडघ्यापाशी बसवला.

"ही जुनी ती थोरली," ते म्हणाले. "ही नवी ती धाकटी. थोरली गाडी उठवती, धाकटी दिवा लावती. गाडी चालू हाय तवर खटका वर. डायनामो कमवायलाय, दोघींनी मिळून खावं. गाडी थांबली की खटका खाली. मग आपापली चूल. धाकटी दिवा लावून लावून उपाशी मेली तरी थोरलीच्या डब्याला हात लावायचा न्हाई. कामून?"

"कामून?" मी विचारलं. 'का'साठीचा हा इकडचा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला.

"थोरलीनं सगळ्यांना घरी न्यायचंय म्हून."

त्यानंतर मी कितीतरी रानात थांबलो, दिवा कितीही वेळ जळो, निघताना चावी फिरवली की जीप उठायची. ती भीती पहिल्यांदा थोडी ओसरली ती या माणसामुळे. हे त्यांना कधी नीट सांगता आलं नाही. सांगायला लागलो की ते म्हणायचे, "तोंड मिटव, माशी जाईल."

माणिकअण्णा मूळचे जनवाड्याचे. वडील शेतमजूर, घर बौद्ध. शेडमध्ये बुद्धाची एक तसबीर होती, तिच्यावर धूळ बसू द्यायचे नाहीत. बाकी सगळ्या शेडवर धुळीचाच रंग. काम शिकले ते हैदराबादला, लॉरीच्या अड्ड्यावर, एका उस्तादाच्या हाताखाली. त्यामुळे त्यांच्या तीन भाषांची वाटणी ठरलेली होती. काम करताना मराठी. राग आला की दखनी. एका उसाच्या बागाईतदाराचा ट्रॅक्टर त्यांनी दिवसभर तिष्ठत ठेवला, कारण त्यानं पोराला पाठवून 'माणक्याला बोलव' असा निरोप दिला होता. तो स्वतः आला तेव्हा अण्णा मान वर न करता म्हणाले, "माणक्या इधर कोई नहीं रहता. आगे पूछो." आणि मन हळवं झालं की कन्नड. पण कन्नड मी त्यांच्या तोंडून फार क्वचित ऐकलं.

अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असायचा, ॲसिडनं त्याची चाळण झालेली. बॅटरी समोर आली की ते दोन्ही अंगठे तिच्या शिशाच्या खुंट्यांवर फिरवायचे, जसा वैद्य नाडी बघतो. "पलसचा खुंटा जाड, मायनसचा बारीक," मला सांगायचे. "खूण पुसली जाती, रंग उडतो. बोट खोटं बोलत न्हाई."

शेडच्या मागे त्यांची एक खोली. तिला कुलूप नव्हतं. लावलेलं नव्हतं असं नाही, घरात कुलूपच नव्हतं. ते का, हे मला शांताक्कानं सांगितलं.

"अय्यो, तुमाला ठावं न्हाई? त्यांची बायको गेली की हो. अफजलपूरकडची, गंगू. भावाच्या पोराच्या बारशाला म्हून गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, 'येते.' मग आलीच न्हाई."

"कधीची गोष्ट?"

"बारसं झालेला पोरगा आता कॉलेजात जायलाय."

आपल्याकडे घरातून निघणारा कुणी 'जातो' म्हणत नाही. 'जातो' अशुभ. सगळे 'येतो' म्हणतात आणि जातात. कन्नडमध्येही तसंच, 'बरतीनि' म्हणायचं आणि चालू लागायचं. सगळ्या मुलखाला हे कळतं. एकट्या माणिकअण्णांनी तो शब्द खरा धरला. ती येते म्हणाली होती. मग दाराला कुलूप कसं लावायचं? दुसरं लग्न कर म्हणून जनवाड्याहून माणसं आली, त्यांना म्हणाले, "बायको हाय की मला. गावाला गेलीय."

बाजारात याची थट्टा व्हायची. संध्याकाळी गुलबर्ग्याची बस वेशीपाशी थांबली की खाजामियाँ चहाचा कप पुढे करत विचारायचा, "क्या माणिकभाई, आज की गाडी से उतरी क्या?"

"गाडी लेट है मियाँ," अण्णा बशीत चहा ओतत म्हणायचे. सगळे हसायचे. अण्णासुद्धा हसायचे. पण बसमधून माणसं उतरून संपेपर्यंत त्यांची बशी तोंडापाशी तशीच थांबलेली असायची.

हे मला कळण्याआधी मला त्यांच्या एका सवयीची भीती वाटायची. शेडमधून निघताना मी म्हणायचो, "येतो अण्णा."

"कधी?"

"काय कधी?"

"येतो म्हणालास न्हवं? कधी येतोस?"

मी गडबडून म्हणायचो, "बेस्तरवारी." हा गुरुवारचा इकडचा शब्द, त्या दिवशी आमची गाडी बाहेर जात नसे. आणि बेस्तरवारी जायचोच. जीपला काही झालेलं नसलं तरी जायचो. ते धाकटीचं झाकण उघडून पाणी बघायचे, मी टेकून उभा राहायचो. बोलणं काही नाही. पण त्या अनोळखी गावात अमुक दिवशी आपण आलो नाही तर एका माणसाला ते कळेल, ही माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती. खोलीवर एकट्यानं भाकरी थापताना मी बेस्तरवारची वाट बघायचो.

असे दोन-तीन पावसाळे गेले. थोरली म्हातारी झाली. नवी घेण्याइतकी दवाखान्याची ऐपत नव्हती, म्हणून जुनीच आतून नव्यानं भरून घेतली. भरणाऱ्यानं खुंटे नव्यानं ओतले होते. माणिकअण्णांनी ती उचलून जागेवर ठेवली, अंगठे फिरवले, वायरी लावल्या. मी खटका वर केला आणि सीटखालून असा जाळ उसळला की शांताक्का किंचाळून रस्त्यावर पळाली. ट्यूबच्या पट्ट्या जळाल्या, डायनामो गेला. अण्णांच्या मनगटावर फोड आले.

वायरी उलट लागल्या होत्या. ओतणाऱ्यानं दोन्ही खुंटे एकाच जाडीचे ओतले होते. पण एकावर लाल रंगाचा ठळक पट्टा होता. तो मला दिसत होता, खाजामियाँला त्याच्या दुकानातून दिसत होता.

अण्णा दखनीत ओतणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. डॉक्टरीणबाई फोडांना मलम लावायला म्हणून आल्या, त्यांनी मनगट हातात घेतलं आणि मनगटाऐवजी त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मग दोन बोटं पुढे केली. "किती?"

"तुमाला मोजता येत न्हाई का?" अण्णा म्हणाले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक पिकलेला, दुसरा पिकत आलेला. मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. ते माणसाच्या तोंडाकडे का बघत नव्हते, सगळं बोटानं का करत होते. काही सवयी होत्या. काही आता सवयी राहिलेल्या नव्हत्या. बाईंनी सांगितलं, लवकर ऑपरेशन केलं नाही तर पिकलेला डोळा हातचा जाईल. आणि डोळे गेलेला वायरमन म्हणजे काय, हे कुणी सांगायला नको होतं.

आमच्या दवाखान्याचा एक नियम होता. ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. भरवायला, उठवायला घरचं माणूस लागायचं. त्याशिवाय भरती नाही.

शांताक्कानं विचारलं, "अण्णा, सोबत कोन?"

"येणार हाय," अण्णा म्हणाले.

शांताक्कानं लिहायला काढलेलं पेन परत खोचलं.

मी म्हणालो, "अण्णा, मी राहतो की."

"तू डायव्हर. तू गाडीच्या सोबतचं माणूस. माझ्या सोबतचं येगळं हाय."

महिना गेला, दुसरा गेला. ते शेडमध्ये बसून राहायचे. गिऱ्हाईक कमी झालं होतं; त्या जाळाची गोष्ट बाजारभर झाली होती. मी बेस्तरवारी जायचो. ते विचारायचे, "कोन, पुणेकर?" आधी कधी विचारावं लागलं नव्हतं.

अशात गुलबर्ग्याला औषधाची खोकी आणायला मला जीप घेऊन पाठवलं. अण्णांना सांगितलं तर बराच वेळ ते एका वायरीचं टोक सोलत बसले. मग म्हणाले, "गुलबर्ग्याच्या पुढं अफजलपूर हाय. तितनं भीमेकडं गेलं की उसाच्या रानात एक वस्ती हाय. बाईंना विचारून जाऊन ये. भांडू नको. न्यायला आलोय म्हणू नको. नुसतं विचार, कधी येती."

बाईंनी परवानगी दिली. वस्ती सापडली. गंगूबाई गोठ्यापुढे शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे, हात कामाचे, आवाज खणखणीत. मी नाव सांगितलं तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आधी पाणी दिलं, मग भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे सरकवली. खाऊ लागलो तेव्हा म्हणाल्या, "मेलेत काय?"

"नाही नाही. डोळे गेलेत. ऑपरेशन आहे."

"दोन्ही?"

"हो."

मी घाबरत घाबरत निरोप सांगितला. कधी येता, म्हणून विचारलंय.

"एवढ्या वर्सांत हे विचारायला आज माणूस धाडलं?" त्या म्हणाल्या. "मला वाटायलतं, स्वतः येतील. एक सण, दोन सण. मीबी वाटच बघायलते की. त्यांना वाट बघणं सोपं झालं हो. बसल्या जागी होतंय ते. घरात होते तवा तरी काय? बॅटरीला पाणी घातलं का, ते दोनदा बघायचे. मला कधी 'जेवलीस का' म्हणाले न्हाईत. मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई, दारू न्हाई. लोक म्हणायचे, भांडायला काय हाय तुला? भांडायलासुद्धा कोन नव्हतं बघा."

भावाचा नातू रांगत येऊन त्यांच्या मांडीवर चढला. त्याला थोपटत त्यांनी विचारलं, "दवाखान्यात सोबत कोन हाय?"

"कोणी नाही."

"मग तुमी कोन?"

"मी ड्रायव्हर. मी राहतो म्हणालो, ते नको म्हणतात."

"ते कधी व्हय म्हणालेत कुणाला?" गंगूबाई म्हणाल्या. "त्यांना विचारायचं नसतंय. जाऊन बसायचं असतंय. मला ते उशिरा कळलं." मग सूप पुन्हा पुढे ओढून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना सांगा, गंगू 'जाते' म्हणाली. तवाच म्हणाली हुती म्हणावं. ऐकू आलं नसंल."

परतीच्या वाटेवर जीप नीट चालली होती आणि मला ती कुठंतरी बंद पडावी असं वाटत होतं. खोटं सांगावं का? पुढच्या महिन्यात येते म्हणावं? ऑपरेशनपुरतं तरी? पण ज्या माणसानं एका शब्दावर सगळं आयुष्य बसवलं त्याच्या हातात मी आणखी एक खोटा शब्द कसा देणार होतो.

शेडपाशी पोचलो. अण्णा ट्यूबची पट्टी वायरीभोवती गुंडाळत होते. इंजिन ओळखलं त्यांनी.

"भेटली?"

"भेटल्या."

"काय म्हणाली?"

"जाते म्हणाल्या." मी खाली बघून सांगितलं. "तेव्हाच म्हणाल्या होत्या, म्हणाल्या. तुम्हाला ऐकू आलं नसेल."

पट्टी गुंडाळणं थांबलं नाही. शेवटपर्यंत गुंडाळली, दातानं तोडली, गाठ मारली, गाठ अंगठ्यानं दाबून पाहिली. मग हळूच म्हणाले, "आयतु." म्हणजे झालं, ठीक. ते मला म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून परस्पर त्यांच्या खोलीत जाऊन बसलो. विचारलं काहीच नाही. बाईंनी चार दिवस जीपवर दुसरा माणूस द्यायचं कबूल केलं होतं. अण्णा बराच वेळ इकडंतिकडं चाचपत राहिले. शेवटी म्हणाले, "खाजाकडनं एक कुलूप घेऊन ये. उघडं टाकून कसं जायचं?"

खाजामियाँनं कुलूप दिलं. त्या दिवशी त्यानं थट्टा केली नाही.

शांताक्कानं भरतीच्या वेळी विचारलं, "सोबत कोन?"

"हा बसलाय की," अण्णा म्हणाले. "उठंना झालाय."

पट्टीच्या दिवसांत ते आढ्याकडे तोंड करून पडून असायचे. पुढे बॉनेट नाही, हातात वायर नाही. बोटं चादरीवर आपली फिरत राहायची. आवारात जीप आली की सांगायचे, "खटका खाली केला न्हाई त्यानं. जाऊन बघ." मी जाऊन बघायचो. खटका कधी वर असायचा, कधी खाली असायचा. खाली असला तरी येऊन सांगायचो, वर होता. तेवढ्यानं त्यांना बरं वाटायचं.

एका दुपारी त्यांना पेज भरवली, तोंड पुसलं आणि भांडं विसळायला उठलो.

"पुणेकर."

"काय अण्णा?"

"जेवलास का?"

मी भांडं घेऊन तसाच उभा राहिलो. गंगूबाईंचं ते बोलणं मी त्यांना सांगितलं नव्हतं. "नाही अजून," मी म्हणालो.

"मग जेव की. माझ्या तोंडाकडं काय बघायलास?"

पट्टी निघाली. जाड भिंगाचा चष्मा आला. डॉक्टरीणबाईंनी तो त्यांच्या डोळ्यांवर चढवला तेव्हा ते आधी खिडकीबाहेर बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. भिंगामागे त्यांचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते.

"तुला मिशी कधी आली?"

"झाली दोन वर्षं."

"काढून टाक. चोर दिसायलास."

पुढच्या वर्षी दुसऱ्या डोळ्याचंही झालं. त्या चष्म्याची एक गंमत होती. लांबचं त्यांना लख्ख दिसायचं. वेशीवरून येणारी बस कुठली ते पाटी वाचून सांगायचे. जवळच्यासाठी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायला लागायचा, तरी धूसरच. त्यामुळे काम अजून बोटांनीच चालायचं. पण गिऱ्हाईक परत आलं. रंग विचारून घ्यायला आता त्यांना कमीपणा वाटत नव्हता. खोलीला कुलूप असायचं. गुलबर्ग्याची बस आली तरी ते चहा पीत राहायचे.

मग माझ्या घरून तार आली. वडील अंथरुणाला खिळले होते, मोठा भाऊ मुंबईला, आईला एकटीला होत नव्हतं. मला जायलाच हवं होतं, आणि परत यायचं नाही हेही कळत होतं. दवाखान्याचा हिशेब झाला, जीप नव्या माणसाच्या हाती दिली. अण्णांना सांगायला गेलो तेव्हा ते एका लॉरीत वाकलेले होते. मी सांगितलं. आतला पाना थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

निघताना काय म्हणायचं? 'येतो' म्हणायची माझी छाती होईना. दुसरा शब्द तर जिभेवरच येईना.

लॉरीतून आवाज आला, "पेटी टपावर नीट बांध. उदगीरचा रस्ता खराब हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्टँडवर आले नाहीत. शांताक्का आली, तिनं शेंगाच्या पोळ्यांचं पुडकं दिलं, डोळे पुसले, भरपूर बोलली आणि ड्यूटीला गेली. मी उदगीरच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. गाडी भरली. कंडक्टरनं घंटी मारली. ड्रायव्हरनं चावी फिरवली आणि मला आयुष्यभर ज्याची धास्ती होती तो आवाज आला. 'टक'.

माणसं उतरली, ढकलून पाहिलं. पुढे खड्डा, मागे भिंत. गाडी हलली आणि तिथंच रुतली. उदगीरला लग्नाला निघालेले वऱ्हाडी आरडाओरडा करायला लागले. कंडक्टर कुणाला तरी म्हणाला, "सायकल घेऊन जा आन् माणिकअण्णाला बोलाव."

ते आले. सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधलेली, खांद्यावर जाड वायरींचं वेटोळं. मी खिडकीत बसलो होतो तिथूनच गेले, वर बघितलं नाही. बसचं तोंड उघडलं, आत वाकले.

"अण्णा, लवकर करा हो, मुहूर्त जायलाय!" एक वऱ्हाडी ओरडला.

"मुहूर्त तुझा का माझा? गप बस," आतून आवाज आला.

मला वाटत होतं, लागू नये. आजचा दिवस लागूच नये. त्यांनी मनात आणलं असतं तर सहज म्हणाले असते की स्टार्टर गेलाय, दुपारची गाडी बघा. कुणाला कळलं असतं? पण त्यांनी चष्मा नाकावर ओढला, अंगठे खुंट्यांवर फिरवले, वायरी लावल्या आणि म्हणाले, "मार."

बस एका झटक्यात उठली.

मी जागेवरून उठलो. दारापर्यंत माणसं आणि गाठोडी. खाली उतरून त्यांच्या पायाला हात लावावा एवढंच मनात होतं. पण इंजिन गचके खात होतं, आणि माणिकअण्णा वायरी सोडवून बाजूला होत ड्रायव्हरला ओरडत होते, "थांबू नको! घे, पुढं घे! उदगीरपर्यंत कुटंबी बंद करू नको!" त्यांनी बसच्या पत्र्यावर थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. खड्ड्यातून चाक निघालं.

मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो. ते वायरी हातात घेऊन स्टँडच्या मधोमध उभे होते. पायाशी बॅटरी, बाजूला कुणाची तरी सायकल. चष्मा वर सरकवत होते. बस वळली, तांबडी धूळ उठली आणि मला ते दिसेनासे झाले.

मी तरीही खिडकीतून आत आलो नाही. कंडक्टर ओरडला, बाजूचा म्हातारा सदरा ओढायला लागला. पण वेस ओलांडून उतार लागेपर्यंत मी तसाच राहिलो, तोंड मागे करून. मला ते दिसत नव्हते. पण त्यांना आता लांबचं दिसायचं.